पिन बसली म्हंजी झालं

बीडच्या स्टँडसमोर संगणकाचे सुटे सामान विकणारे हे गृहस्थ केबलची पारख एकाच कसोटीवर करतात: पिन भोकात बसली पाहिजे. न बसल्यास ते दाबतात. दाबूनही न बसल्यास ग्राहकाचे यंत्र सदोष ठरते.

माझ्या दिवंगत शिक्षिका पत्नीचे शाळेतील निरोपाचे भाषण चरे पडलेल्या एका सीडीवर आहे. ती केवळ आमच्या जुन्या प्लेअरवर चालते. ते भाषण संगणकात उतरवून घ्यावे, या हेतूने मी दोन्ही यंत्रे चौसाळ्याहून त्यांच्या दुकानात नेली. आवाज प्रकाशाच्या रूपाने नेणारी ऑप्टिकल केबल मी स्पष्ट शब्दांत मागितली. दोन्ही यंत्रांवरची तिची चौकोनी भोकेही दाखवली.

"काका, उजेडातून कुटं आवाज जातो व्हय? पिन बसली म्हंजी झालं!" असे म्हणून त्यांनी दातांनी पाकीट फाडले आणि लाल-पांढऱ्या पिनांची साधी वायर जोडली.

मागितलेली वस्तू सोडून भलतीच ग्राहकाच्या माथी मारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, हे मी त्यांना सुनावत असतानाच संगणकाचा स्पीकर घरघरू लागला आणि त्या घरघरीआडून पत्नी बोलू लागली.

"आला का न्हाई आवाज? कावून भांडता मग?" त्यांनी आवाज आणखी वाढवला. दुकानातल्या बाकावरची माणसे कान देऊन ऐकू लागली. "पर बाई लई घोगऱ्या हायेत, काका."

तक्रार तर मी करणारच आहे. परंतु त्या माणसांनी माझ्या पत्नीला आयुष्यात एकदाच ऐकले, आणि तेही असे घोगरे. याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागावी, हे मला अद्याप सापडलेले नाही.