गिटारीच्या पोटातली सनई

लहानपणी मला स्वप्नात सनई वाजवता यायची. साताऱ्याच्या आमच्या घराच्या कौलांवर मी पाय सोडून बसलेली असायची आणि सनई ओठाला न लावताच वाजत असायची. जाग यायची तेव्हा खरी सनई चालू असायची, ती अण्णांची. माझे वडील रोज पहाटे देवळात सनई वाजवायचे आणि देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे स्वप्न कुठं संपलं आणि सकाळ कुठं सुरू झाली, हे मला बरीच वर्षं नीट कळलंच नाही.

सात-आठ वर्षांची असताना मी अण्णांची सनई फडताळातून काढून फुंकली. आवाज आला नाही, नुसती थुंकी उडाली. अण्णांनी सनई माझ्या हातातून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि लेकींनी सनईला तोंड लावायचं नसतं, एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ओरडले असते तर मी विसरलेही असते. मला भाऊ नव्हता. सनई पुढं कुणाकडं जाणार, हा प्रश्न घरात कुणी काढायचंच नाही.

मी मोठी झाले, सांगलीच्या एका बँकेत चिकटले आणि पहिल्याच वर्षी गिटारीच्या क्लासला नाव घातलं. गिटारीला तोंड लावावं लागत नाही, असं मी अण्णांना मुद्दाम पत्रात लिहिलं होतं. माझा स्वभाव मुळातच खवट. उत्तरात त्यांनी फक्त तब्येतीला जप, असं लिहिलं.

तब्येत बिघडली ती त्यांचीच. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांत दम्यानं त्यांना पुरतं धरलं. देवळात सनईची कॅसेट लागायला लागली. मी सुट्टीला गेले की पाहायची, कॅसेटच्या वेळेला अण्णा उठून खिडकी लावून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, फीत ताणलीय, सूर उतरलाय. ती बंद खिडकी मला बघवायची नाही. एकदा, फक्त एकदा, माझ्या हातची सनई त्यांच्या कानावर पडावी आणि त्यांनी खिडकी लावू नये, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. त्यांचा श्वास आखूड होत चालला होता, तेव्हा वेळही फार नव्हता.

त्या वर्षी सांगलीत गणपतीत पुण्याचा एक ऑर्केस्ट्रा आला. त्यांच्या गिटारवाल्यानं मध्येच पायाशी ठेवलेल्या पेटीवरचं बटण दाबलं आणि त्याच्या गिटारीतून बासरी निघाली. मी पहिल्या रांगेत होते. मला कौलांवर बसल्यासारखं झालं.

कार्यक्रमानंतर मी त्याला गाठलं. त्यानं समजावून सांगितलं. तारांखाली एक बारीक पट्टी बसवायची. पट्टीत सहा डोळे, प्रत्येक तारेखाली एक. कुठली तार कुठल्या सुरात वाजली ते डोळा ओळखतो, जाड वायरीतून पेटीला कळवतो आणि पेटी तो सूर तुम्ही निवडाल त्या वाद्यात वाजवते. सनई आहे का, मी विचारलं. आहे, पण सनईच पाहिजे तर कीबोर्ड घ्या, पट्टी दाबली की सनई, गिटारीचा हा नाद लय छळतो, असं तो म्हणाला.

मी पडताळा घेतला. बँकेतल्या एकाच्या घरी कीबोर्ड होता, त्यावर सनई लावून अण्णांची भूपाळी वाजवून पाहिली. सूर एकेक पायरी उतरत होते. अण्णांची सनई पायऱ्या उतरायचीच नाही, ती दोन सुरांच्या मधून घरंगळत यायची, आणि भूपाळीतलं सगळं सुख त्या मधल्या जागेत होतं. तार बोटानं ओढता येते, कीबोर्डची पट्टी ओढता येत नाही. त्या गिटारवाल्याकडं जुना संच पडून होता, तो मी मागवून घेतला.

ती डोळ्यांची पट्टी घोडीच्या, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या पुलाच्या, अगदी लगत आणि तारांखाली कागद जाईल एवढ्याच अंतरावर बसवायची होती. माझी गिटार साधी, पोकळ लाकडी पोटाची. तिच्या तारा लाकडापासून बोटभर उंच. म्हणजे पट्टीखाली नेमक्या उंचीचं लाकूड घालायला हवं होतं. असलं काम मिरजेशिवाय कुठं होणार? सतारी-तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं मी गिटार दिली. त्याच्या दुकानात ओळीनं भोपळे टांगलेले होते आणि दुपारचं ऊन त्यांच्यावर असं पडलं होतं, की मला तिथंच बसून राहावंसं वाटलं. त्यानं टिचकी मारून गिटार ऐकली, तोंड वाकडं केलं आणि चार दिवसांनी या म्हणाला.

चार दिवसांनी गिटार घरी आणली, पेटीला जोडली, सनई लावली आणि तार छेडली. आतून एक नाही, चार सनया एकदम किंचाळल्या. एक सूर वाजवावा तर पेटी त्याचा वरच्या सप्तकातला भाऊ शोधून आणायची, मग पुन्हा खाली उडी मारायची. दाभण टोचलेल्या कोंबडीसारखा आवाज. दोन संध्याकाळी मी पेटीवरची प्रत्येक तारेची बटणं फिरवत बसले. शेवटी वैतागून वायर काढली आणि नुसती गिटार वाजवली, तेव्हा उलगडा झाला. गिटार झणझणत होती. त्या माणसानं तिला जवारी लावली होती.

तंबोऱ्याला लावतात तशी. घोडीचा हाडाचा माथा किंचित घासून उतरता करायचा, म्हणजे तार त्याला चाटत चाटत वाजते आणि एका सुरातून दहा सूर झरायला लागतात. पेटीला तर एकच सूर स्वच्छ ऐकू यायला हवा होता. मी तावातावानं मिरजेला गेले. न सांगता असला आगाऊपणा का केला, असं विचारलं. म्हाताऱ्याला माझा राग कळेचना.

"मुकी होती ओ ताई तुमची गिटार," तो म्हणाला. "मी तिला बोलती केली. त्याचे पैसे कुठं मागितले?"

माझा राग तिथंच गळाला. आयुष्यभर ज्यानं मुक्या तारा बोलत्या केल्या, त्याच्या हातात मुकी तार देऊन ती तशीच ठेव म्हणायचं, ही चूक माझीच होती. मी त्याला पेटीची अडचण सांगितली. दहा सूर ऐकून गोंधळणारं यंत्र घेतलंच कशाला, असं त्यानं विचारलं. मग मी अण्णांचं सांगितलं, खिडकीचंही सांगितलं. तो नवं हाड काढून बसला आणि संध्याकाळपर्यंत जवारी नसलेली सरळ घोडी घासून दिली. जुनी कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. ती अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

पुढं दोन महिने मी फक्त वाजवायला शिकले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. जाड तारेवर पेटी क्षणभर विचारात पडायची, म्हणून सगळी भूपाळी वरच्या दोन तारांवर आणली. शेजारच्या तारेला करंगळी जरी घासली तरी भलतीच सनई बोलायची. हात इतका हलका झाला, की बँकेत शिक्का मारताना शाई उमटेना. मला मजा वाटायची. कधीकधी खिडकीबाहेर कृष्णेवरून धुकं यायचं आणि आपण वाजवतोय की ऐकतोय, ते कळेनासं व्हायचं.

मग एका शनिवारी गिटार आणि पेटी घेऊन एसटीनं साताऱ्याला गेले. देवळाचा जुना कर्णा आणि आवाज मोठा करायचं मशीन आमच्याच पडवीत पडून होतं, त्याला जोडणी केली. अण्णा उशीला टेकून बसले होते. कलत्या उन्हात मी पहाटेची भूपाळी वाजवली, त्यांचीच, त्यांच्या वळणांनी. अण्णांनी डोळे मिटले. मी वाजवत होते आणि माझं सगळं लक्ष खिडकीकडं होतं. ते उठले नाहीत. संपल्यावर त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू आली.

"श्वास कुठं घेतीस?" त्यांनी विचारलं.

यंत्राला श्वास लागत नाही, मी म्हटलं.

"त्याला न्हाई लागत. ऐकणाऱ्याला लागतो. त्यो गुदमारतो की."

मला वाईट वाटलं. एवढं करून चूकच काढली, असंही वाटलं. पण त्यांनी मला पुन्हा सुरू करायला लावलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांनी बोट वर केलं. मी तळव्यानं तार दाबली. सनई थांबली. त्यांनी स्वतः श्वास ओढला, कष्टानं, खांदे उचलून, आणि बोट खाली केलं, तेव्हा मी पुढचा सूर घेतला. असं ओळीमागून ओळ. कुठं पुरा श्वास, कुठं अर्धा, कुठं नाकातून चोरून घ्यायचा, हे सगळं ते आपल्याच फाटक्या छातीवर दाखवत होते. लहानपणी जे शिकवायचं नाकारलं होतं ते शिकवत होते, हे माझ्या ध्यानात आलं आणि मला रडू फुटलं. हात मात्र मी थांबवला नाही.

तेवढ्यात शेजारच्या काकू पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "आवं, आज तुमीच वाजवली व्हय? लय दिसांनी."

"मी न्हाई," अण्णा म्हणाले. "लेक वाजवतीया."

काकूंनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मांडीवरच्या गिटारीकडं बघितलं. अण्णांनी काही समजावून सांगितलं नाही. बोट वर करून मला म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून घे.