सांगोल्याची कळशी

चहा तोंडात असेल तर आधी गिळा, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या जाऊबाईंना ठसका लागला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. इतकी वर्षं मी सोलापुरात विज्ञान शिकवतेय, आणि विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशीच मी असे काही दिवे लावले, की काय सांगू!

झालं काय, आठवीच्या पोरांनी यंदा विषय घेतला पाणी. मला वाटलं, झालं, आता थर्माकोलचे ढग आणि कापसाचा पाऊस. पण ही पोरं वेगळीच निघाली. भाग्यश्री म्हणून एक मुलगी आहे. सांगोल्याकडची, शिकायला मावशीकडे राहते. ती उठून म्हणाली, "बाई, मामाच्या घरी डाळ लवकर शिजतच न्हाय. हितनं डाळ नेली तरी न्हाय शिजत. मग ते पाण्यामुळं असंल का?"

मी खूश. तेवढ्यात व्यंकटेश उठला. त्याच्या घरी चादरींचं काम, सुताला रंग देतात. "बाई, आजोबा म्हणतात पाणी बदललं की सुताचा रंग बदलतो. मग चित्राचा पण बदलेल का?"

आता खरं सांगू का? मला माहीत नव्हतं. पण शिक्षिकेनं तसं म्हणायची पद्धत नाही ना. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "तुम्हीच करून बघा." फार सोयीचं वाक्य आहे हे, लक्षात ठेवा.

मग चौघांनी चार कळश्या आणल्या. भाग्यश्रीची सांगोल्याच्या बोअरची, दुसरी अकलूजच्या कालव्याची, तिसरी मोहोळच्या विहिरीची आणि व्यंकटेशची आपल्या शहरातल्या नळाची. सांगोल्याची कळशी तर भाग्यश्रीनं एसटीत मांडीवर धरून आणली होती. पोरांनी प्रत्येक पाण्यात साबणाचा चुरा टाकून फेस बघितला, डाळ शिजवून बघितली, आणि त्याच पाण्यात रंग कालवून चित्रं काढली. सांगोल्याच्या पाण्याला फेस म्हणून येईना. चित्रातला निळा रंग तर असा फुटला, की आभाळाला घामोळं आल्यासारखं दिसत होतं. आधी भाग्यश्री हिरमुसली. मग चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "बाई, हे तर लई भारी दिसतंय." होतंच भारी. मी बराच वेळ ते बघत बसले होते.

शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. निवड करायला एक परीक्षक येणार होते आणि त्यांना सगळं सांगायचं काम भाग्यश्रीचं. पोरगी झोपेतही क्षार क्षार म्हणते, असं तिची मावशी सांगत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी मी लवकर गेले. शिपाई काशिनाथमामांनी हॉल पुसायला काढला होता, म्हणून टेबलांवरचं सामान बाहेर व्हरांड्यात ठेवलं होतं. मी तक्ते तपासत होते, आणि मामांनी आवाज दिला, "बाई, पाणी आलं."

तुम्ही सोलापूरचे नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं आमच्याकडे. 'पाणी आलं' हे शब्द कानावर पडले की आमचं डोकं बंद होतं आणि हात-पाय चालू होतात. पदर खोचायचा, शिळं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. माझ्या लग्नातसुद्धा कुणी तसं ओरडलं असतं, तर मी अंतरपाट ओलांडून गेले असते.

तर मी पदर खोचला. व्हरांड्यात नळाजवळ ओळीनं कळश्या होत्या. आता मला सांगा, नळाजवळ कळश्या ठेवलेल्या दिसल्यावर माणूस काय करतो? ओतलं बागेत, घासल्या लख्ख, भरल्या काठोकाठ. वर झाकणं ठेवली. आणि हॉलमध्ये येऊन पुन्हा तक्ते बघायला लागले. डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

पोरं आली. कळश्यांवर घरच्यांची नावं कोरलेली, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापली ओळखून टेबलावर मांडली.

परीक्षक आले. वयस्कर, कॉलेजातून निवृत्त झालेले सर. भाग्यश्रीनं छान सुरुवात केली. "सर, हे आमच्या सांगोल्याच्या बोअरचं पाणी. ह्यात क्षार लई, म्हणून फेस येत न्हाय." असं म्हणून तिनं कळशीतलं पाणी बाटलीत घेतलं आणि साबणाचा चुरा टाकून बाटली हलवली.

फेस बाटलीच्या तोंडातून बाहेर आला. तिच्या मनगटावरून ओघळून टेबलावर.

सर म्हणाले, "बराच येतोय की."

माझा पारा चढला. मला वाटलं, आणलेलं पाणी सरावात संपलं असेल आणि पुन्हा ओझं कोण वाहणार म्हणून हिनं इथलंच पाणी भरलं आणि सांगोल्याचं नाव सांगितलं. सरांच्या देखत मी म्हटलं, "भाग्यश्री, खरं सांग. कुठनं भरलंस हे?"

"आईशपथ बाई, मामानं बोअरचंच दिलंय." डोळ्यांत पाणी तरारलं तिच्या. पण रडली नाही. तिनं सांगोल्याच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि कागदावर निळा रंग ओढला. एकदम गुळगुळीत. आधीचं चित्र शेजारी धरलं. मग मोहोळच्या बाटलीत साबण. फेस. अकलूज. फेस.

व्यंकटेशनं सगळ्या कळश्यांत नाक घालून वास घेतला. "बाई, क्लोरीन मारतंय. सगळ्यांच्या कळशीत माझंच पाणी आहे."

सर पुढे सरकले. "म्हणजे काय झालं असेल?"

"कुणीतरी बदललं," भाग्यश्री म्हणाली. "आज सकाळी पाणी आलतं का हितं?"

मी अजून शहाणीच. "शाब्बास," म्हटलं, "आता अनुमान काढा. पाणी आलं तेव्हा शाळेत कोण होतं?"

भाग्यश्री माझ्या कमरेकडे बघत होती. मग व्यंकटेश बघायला लागला. मग सर. मी खाली बघितलं. पदर खोचलेला, निऱ्या घोट्यापर्यंत ओल्या आणि हाताला राखुंडी.

त्या क्षणी मला ती बाग आठवली. जास्वंदीच्या बुडाशी गेलेलं सांगोला, मोहोळ, अकलूज, सगळं आठवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्याहून वाईट वाटलं ते भाग्यश्रीकडे बघून. मी सगळ्यांदेखत तिला खोटं पाडलं होतं. मग सगळ्यांदेखतच म्हटलं, "चुकले गं मी. तुझं पाणी मीच ओतलं."

"असू दे बाई," ती म्हणाली. "पण का ओतलं?"

रागानं नाही हो, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"शिळं झालं म्हणून," मी म्हटलं.

"बोअरचं पाणी जमिनीत किती वर्षं असतंय, बाई. मग ते कळशीत दोन दिवसांत शिळं कसं होतंय?"

मला ते सोयीचं वाक्य पुन्हा आठवलं. सर मात्र खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हा प्रश्न घ्या प्रयोगात. पाणी पुन्हा आणा, आणि हे शिळ्या पाण्याचंही दाखवा. जिल्ह्याला तुम्हीच जाणार." आणि जाता जाता हळूच फोन लावला, "अगं, आपल्याकडे आलंय का पाणी?"

सांगोल्याला या वेळी मी स्वतः गेले. परतताना कळशी मांडीवर धरून बसले, कंडक्टरनं सांगूनही खाली ठेवली नाही.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमचा तक्ता भाग्यश्रीनं लिहिला, सुंदर अक्षरात. दरवर्षी तक्त्याच्या तळाशी 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव असतं, म्हणून मी कौतुकानं खाली बघितलं. नव्हतं. सगळा तक्ता वाचून काढला, तेव्हा वरच सापडलं.

'साहित्य : कळश्या, साबणाचा चुरा, तूरडाळ, जलरंग, ब्रश, आमच्या बाई.'