दोघींपुरती पांदण

तेल्हाऱ्याहून हिवरखेडला जायला डांबरी सडक होती, सडकेवर टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपा होत्या. पण खुर्शीदबी मनियारीण आणि पंचफुला पाटवेकरीण त्या सडकेनं सहसा गेल्या नाहीत. त्या पांदणीनं जायच्या. दोन्ही अंगांच्या शेतांमधून बैलगाड्यांनी पाडलेली ती जुनी वाट. मधल्या वस्त्या, शेतातली घरं याच वाटेवर लागत आणि दोघींचं गिऱ्हाईकही तिथंच होतं. खुर्शीदबी बांगड्या भरायची, पंचफुला गळ्यातल्या पोती ओवून द्यायची. एकीनं हात धरला की दुसरी म्हणायची, "पोत सैल झाली व तुही, काढ इकडं." बाईला बसल्या जागी दोन्ही कामं होऊन जात.

पांदणीला दोन चाकोऱ्या होत्या, मध्ये गवताचा उंचवटा. एका चाकोरीत एक माणूस चालू शकायचं. पंचफुलाचा डावा कान लहानपणीच फुटलेला, त्या बाजूनं तिला काही ऐकू येत नसे. म्हणून खुर्शीदबी कायम उजव्या चाकोरीत चालायची. हे कधी ठरवलेलं नव्हतं. लग्न होऊन आलेल्या दोन तरण्या सुना एकमेकींच्या सोबतीनं धंद्याला निघाल्या तेव्हापासून ते तसंच होतं, आणि आता दोघींचेही केस पांढरे व्हायला लागले होते.

खुर्शीदबीचा नवरा इनायतुल्ला दुकानात बसायचा. माणूस भला, पण दिवसाला चार वाक्यं बोलला तर पुष्कळ. मुलगी माहेनूर अकोल्याला दिलेली. तिच्या आधीचा एक मुलगा तापानं गेला होता, त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. त्याच्याबद्दल खुर्शीदबी फक्त पांदणीवर बोलायची. तो असता तर आज केवढा असता, बापासारखा घुम्मा निघाला असता की काय, असलं काहीबाही. पंचफुला ऐकायची आणि म्हणायची, "तुह्यासारखा बडबड्या झाला असता." तेवढ्यानं खुर्शीदबीचं मन हलकं व्हायचं.

दोन हजार चार-पाचची ती वर्षं वाईट होती. कापसाचा भाव पडला होता, पाऊस धड पडत नव्हता, ठरलेली लग्नं पुढच्या सालावर जात होती. बाया काचेच्या बांगड्या हातात घेऊन उन्हात धरून बघायच्या आणि परत ठेवायच्या. काही घरांच्या दारात मयताला माणसं जमलेली दिसली की खुर्शीदबी हाक न देता, झोळीतल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून पदर गुंडाळून पुढं निघायची. अशा दिवशी दोघी पुढचं शेत येईपर्यंत बोलत नसत.

त्यातल्याच एका दिवाळीनंतर शकुन आली.

शकुन तेल्हाऱ्याचीच सून. नवरा शेतात काही राहिलं नाही म्हणून सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेलेला. ती अकोल्याहून गाऊन आणि परकर आणून विकायला निघाली होती. एका सकाळी गावाच्या कडेला ती गाठोडं घेऊन उभी दिसली. बोलता बोलता निघालं की ती पंचफुलाच्या माहेरची, दर्यापुराकडच्या त्याच खेड्यातली. गावची लेक म्हणून पंचफुला तिची आत्या झाली.

"आत्या, तुमच्या घरामागची चिंच अजून हाय बरं का!"

"हाय? मले वाटलं तोडली असंल!" पंचफुला उभीच राहिली. तिचा चेहरा असा उजळला की खुर्शीदबीनं तिच्याकडं दोनदा पाहिलं.

शकुन बोलता बोलता उजव्या चाकोरीत शिरली. तिला काय माहीत? पंचफुलानंही काही म्हटलं नाही. खुर्शीदबी थोडा वेळ मधल्या गवतावरून चालली, पण गोखरूचे काटे चपलेतून टोचायला लागले. मग ती मागं राहिली.

पुढं रोज तसंच झालं. समोर सातपुड्याची निळी रेघ, तिच्याआधी दोन पाठी, एक वाकलेली, एक ताठ, आणि त्यांच्या मागं खुर्शीदबी. पुढून हसण्याचा आवाज यायचा. कोण हरबाजी, कोण गोदामाय, कोणाची म्हैस विहिरीत पडली, यातलं खुर्शीदबीला एक नाव ओळखीचं नव्हतं. कधी पंचफुला मान वळवून म्हणायची, "अवं ये ना पाय उचलून!" त्यावर खुर्शीदबी म्हणायची, "चाला तुमी. माहे गुडघे दुखून राहिले." गुडघे दुखत नव्हते.

घरी ती भांडी आपटायची. एकदा इनायतुल्लानं मान वर करून विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली, "किसी को भतीजी मिली, किसी को आत्या मिली. हमको क्या होना है?"

इनायतुल्लाला यातलं काही कळलं नाही. तो जेवत राहिला.

शकुन तशी गुणाची होती. वाटेत विहीर लागली की आधी खुर्शीदबीला पाणी काढून द्यायची. "खाला, झोळी द्या माह्यापाशी," म्हणायची. तिचं हे चांगलं वागणंच खुर्शीदबीला जास्त झोंबायचं. पोरगी उद्धट असती तर निदान पंचफुलाजवळ तक्रार करता आली असती.

पेरणीच्या आधी देवमननं पांदण अडवली. नाल्याच्या अलीकडचं शेत त्याचं. दोन वर्षं कपाशी हातची गेली, म्हणून त्यानं पांदणीची पट्टीसुद्धा नांगरात घेतली आणि तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या. तिघी काट्यांपुढं उभ्या राहिल्या. शकुन म्हणाली, "तहसीलीत अर्ज करू. सरकारी पांदण हाय, कोणाच्या बापाची नाई."

पंचफुला तिच्याकडं कौतुकानं पाहत म्हणाली, "पाह्य व खुर्शीद, कशी बोलते पोरगी!"

दुसऱ्या दिवशी खुर्शीदबी एकटीच देवमनच्या घरी गेली. त्याची म्हातारी आई चतुराबाई तिचं जुनं गिऱ्हाईक होती. देवमन ओसरीवर बसला होता.

"देवमन, आमी पायी चालणाऱ्या बाया. तुह्या शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं, कडेकडेनं गेलो तं तुहं काय तुडवल्या जाते?"

देवमन वाईट नव्हता, वैतागलेला होता. तो म्हणाला, "जा चाची धुऱ्यावरून. गाड्या नाई येऊ देणार मी. तुमी तिघी जा."

आता 'बरं बाबा' म्हणून उठायचं, तेवढंच बाकी होतं. पण खुर्शीदबीच्या तोंडून निघून गेलं, "दोघीच येतो आमी. ते शकुन आता जीपनं जाते."

 परतताना तिचे पाय हलके पडत होते. संध्याकाळी तिनं दोघींना सांगितलं, "देवमन दोघींलेच म्हणते. जुन्या बाया हाय मनून. तिसरी आली तं काट्या परत टाकीन म्हणे."

पंचफुलाचा चेहरा पडला. शकुन म्हणाली, "जाऊ द्या आत्या. मी जीपनं जाते."

पांदण पुन्हा दोघींची झाली. देवमनच्या शेताची कड ओलांडली की खुर्शीदबी उजव्या चाकोरीत चालायची, पूर्वीसारखी बोलायची, माहेनूरच्या सासूच्या नकला करायची. पंचफुला हं हं म्हणायची. मधूनच विचारायची, "शकुनले जीपमधी जागा भेटत असंल काय व?" खुर्शीदबीचं तोंड कडू व्हायचं. पोरगी वाटेवर नव्हती, पण पंचफुलाच्या मनात आधीपेक्षा जास्त ठाण मांडून बसली होती.

पोळ्याच्या आधी दोघी चतुराबाईकडं बसल्या होत्या. खुर्शीदबी म्हातारीच्या हातात बांगडी चढवत होती, पंचफुला दोऱ्याला मेण लावत होती. चतुराबाई सहज म्हणाली, "ते पोरगी काहून येत नाई तुमच्यासंगं? देवमन तं तिघींले जा म्हणे. तं हे खुर्शीद म्हणे, ते जीपनं जाते. लय पैसा झाला काय तिच्यापाशी?"

बांगडी खुर्शीदबीच्या बोटांत फुटली. म्हातारीला ओरखडासुद्धा आला नाही, पण खुर्शीदबी उगाच तिचा हात पुसत बसली. पंचफुलानं मेण लावणं थांबवलं नाही. वर पाहिलंही नाही.

परतीला खुर्शीदबी पुढं काय होईल या धास्तीनं बोलतच सुटली. पोळ्याचं, पावसाचं, इनायतुल्लाच्या खोकल्याचं. बरंच बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पंचफुला आज उजव्या चाकोरीत चालते आहे आणि आपण तिच्या फुटक्या कानाशी बोलतो आहोत.

तिनं तिच्या दंडाला हात लावला. "पंचफुला, इकून ये ना."

"मले याच बाजूनं बरं वाटते," पंचफुला म्हणाली आणि चालत राहिली.

शिव्या दिल्या असत्या तर खुर्शीदबीनं दोन उलट दिल्या असत्या. हे मात्र तिला सोसेना. आठवडाभर ती त्या कानाच्या बाजूनं मुकाट चालली आणि मग एका दुपारी शकुनच्या घरी गेली. शकुन ओट्यावर कापड बेतत होती.

"उद्यापासून चाल संगं," खुर्शीदबी उभ्यानंच म्हणाली. "देवमननं मना नोयतं केलं. मीच खोटं बोलली. मी जळली तुह्यावर."

शकुननं कात्री खाली ठेवली. "मले ठाऊक हाय खाला. देवमनदादानं मले तवाच इचारलं होतं, जीपनं काहून जाते मनून."

"मंग आत्याले काहून नाई सांगितलं?"

"सांगून काय करू? ते तुमच्याशी बोलणं सोडून देईन, आन् मले दिवसभर तुमचंच सांगत बसंन. तवाही तेच तं सांगे. तुमी मांगून चाले, अन् ते मले तुमच्याच गोष्टी सांगे. खुर्शीदनं असं केलं, खुर्शीद अशी रडली, खुर्शीदचा पोरगा असता तं..."

शकुननं जीभ चावली. खुर्शीदबीला काय वाटावं ते कळेना. मैत्रीण आपल्याबद्दल बोलत होती याचं सुख वाटायच्या आधीच दुसरं काहीतरी पेटलं. तो मुलगा तिनं साऱ्या जगात एकाच बाईजवळ ठेवला होता, आणि ती बाई तो या पोरीला दाखवत होती.

"अन् आता मी येत नाई खाला," शकुन हळूच म्हणाली. "जीपमधी हिवरखेडच्या नगमाबाजी मनून बाईची ओळख झाली. शिलाईचं दुकान हाय त्यायचं. तिथली एक मशीन मले देली. गाऊन आता मीच शिवते."

म्हणजे जिला वाटेवरून घालवली ती दुकानात जाऊन बसली होती, आणि घालवणारी अजून धुळीतच चालत होती. खुर्शीदबी तिथून निघाली ती थेट पंचफुलाच्या दारात गेली.

"माह्या पोराचं तिले काहून सांगितलं?"

पंचफुला तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून तीही उठली. "अन् तू मले खोटं काहून सांगितलं? मी माहेराचा माणूस भेटला मनून इतकी खुश, तुले पाहवलं नाई?"

"नाई पाहवलं!"

"मंग सांगायचं ना! मांगून कुत्र्यावानी गुरगुरत काहून चालत होती?"

दोघींचे आवाज असे चढले की शेजारच्या बाया दारात आल्या. शेवटी पंचफुलाच दम लागून जोत्यावर बसली. "तुह्याबद्दल नाई बोलू तं कोणाबद्दल बोलू मी?" ती म्हणाली. "माह्यापाशी दुसरं हाय काय सांगायले? माहेराचं सांगून दोन दिवसांत सरलं. उरली तूच."

खुर्शीदबी तिच्याजवळ बसली नाही, पण गेलीही नाही. उभ्या उभ्या तिनं सुपातले दोन खडे वेचून बाहेर फेकले. पंचफुलानं सूप तिच्याकडं सरकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणीवाले आले आणि पांदण मोकळी झाली. शकुननं मागं तहसीलीत दिलेल्या अर्जानं झाली की निवडणूक जवळ होती म्हणून, ते कोणाला सांगता आलं नाही. देवमननं काट्या स्वतःच उचलल्या. दोघींचं येणंजाणं चालू राहिलं. बोलणंही हळूहळू रुळावर आलं. मात्र मुलाची गोष्ट खुर्शीदबीनं बरेच महिने काढली नाही, आणि पंचफुलानंही विचारलं नाही.

हिवरखेडला पोचल्यावर पंचफुला आता नगमाबाजीच्या दुकानात डोकवायचीच. खुर्शीदबी बाहेर पायरीवर बसायची. आत मशीनचा आवाज थांबायचा, चहा व्हायचा, हसणं सुरू व्हायचं, आणि खुर्शीदबीचं तेच जुनं जळणं पुन्हा डोकं वर काढायचं. ते गेलं नव्हतं. जाईल असंही तिला वाटत नव्हतं.

"चाल व, ऊन कलून राहिलं!" ती बाहेरून ओरडायची.

"आली, आली!" आतून उत्तर यायचं आणि कोणी यायचं नाही.

एक दिवस असंच दोनदा ओरडून झाल्यावर तिनं झोळी उचलली, चपला पायरीवर काढल्या आणि आत शिरली.  खुर्शीदबीनं कापडाच्या ढिगावरून एक गाऊन उचलून बाजूला ठेवला, तिथं बैठक मारली आणि शकुनला म्हणाली, "मले साखर जास्त लागते चायमधी. अन् कपबशीत दे. स्टीलच्या गिलासानं ओठ भाजते."

शकुन चहा टाकायला उठली.