खळबाईने सरळ केलेलं तोंड

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेतली पोरं पाठीमागे खळबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि गंमत म्हणजे आवडतंही. ती सहावी-सातवीला हस्तकला शिकवते. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात भाजीपेक्षा मैद्याची खळच जास्त शिजते. माझं चांगलं जाड बुडाचं पातेलं तिने त्यापायी कधीच हडप केलंय. वर्तमानपत्र तर मी उघडायच्या आत फाडून ठेवलेलं असतं. बातमी काय होती विचारलं, तर म्हणते, "मुखवट्याच्या आतून वाच, ताई." आता अशा बाईपुढे काय डोकं फोडायचं!

पण एक मात्र कबूल करते. पोरांच्या कामाला ती बोट लावत नाही. इतर शाळांची प्रदर्शनं मी पाहिलीत. सगळी झाडं एकसारखी, सगळी घरं एकसारखी, आणि बाजूला बाई स्वतःच्याच हातचं कौतुक ऐकत उभ्या. आमच्या खळबाईकडे हत्तीची सोंड आखूड झाली तर आखूड. पालक नाकं मुरडतात, मुख्याध्यापक सुस्कारे सोडतात, ही ढिम्म हलत नाही. "तुमच्या नावावर खपवायचं असेल तर घरी करा," असं तिने एका आईला तोंडावर सुनावलं होतं. मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्याने.

यंदा सातवीला तिने घरातल्या एका माणसाचा मुखवटा करायला दिला होता. आधी मातीचा चेहरा घडवायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद, मग खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर, आणि नाक-ओठांना कागदाचा लगदा. या लगद्याची एक खोड आहे. ओला असताना मुखवटा जरा तिरका ठेवला की तो एका बाजूला घसरतो. पोरांच्या गालांची, हनुवट्यांची त्यापायी दरवर्षी वाट लागते.

रंगकामाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती खिडकीतले मुखवटे बघत होती. एका म्हाताऱ्याच्या मुखवट्यात ओठाचा डावा कोपरा पार खाली लोंबत होता. बाकी चेहरा इतका जिवंत, की तिला हळहळ वाटली. तो ज्या मुलीचा होता ती वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून घरी आम्ही तिला घुमी म्हणायचो. खळबाईला वाटलं, हे काही पोरीने केलेलं नाही, हा लगद्याचा प्रताप. तिने ओठावर ओलं फडकं ठेवून तो मऊ केला आणि चमच्याच्या पाठीने वर सारला. जन्मात जे केलं नव्हतं ते त्या दिवशी करून बसली. वर घरी येऊन मला खुशीत सांगितलं!

दुसऱ्या दिवशी घुमी मुखवटा हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, हे कोणी केलं?"

"मीच गं. घसरला होता ओठ."

"घसरला नव्हता. आजोबांचा तसाच आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजोबांना गेल्या वर्षी झटका आला आणि तोंड वाकडं झालं. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नव्हते. कोणी आलं की तोंडाला टॉवेल लावून बसायचे. घुमीला बघून चेहरा घडवता यावा म्हणून मात्र टॉवेल काढून बसले होते, रोज संध्याकाळी. आणि मुखवटा बघायला प्रदर्शनाला येईन, असं स्वतःहून म्हणाले होते.

"आता त्यांना वाटेल, मला त्यांची लाज वाटली," घुमी म्हणाली.

खळबाईने तिच्यापुढे हात जोडले, म्हणाली, पुन्हा तू म्हणशील तसं करू या. पण पोरगी हट्टाला पेटली. नाही जमणार आता, म्हणाली. ना रंग दिला, ना मुखवट्याला हात लावला.

त्या संध्याकाळी माझी बहीण जेवली नाही. "अगं, खाली ओढून टाक ना तूच," मी म्हटलं. केवढी उसळली माझ्यावर! "पुन्हा मीच? त्या माणसाचं तोंड मी पाहिलंय का कधी?" मला तिची फार दया आली, आणि रागही आला. इतकी वर्षं हात आवरला, अन् आवरला नाही तो नेमका इथे.

प्रदर्शनाच्या दिवशी खळीचं पातेलं वाहायला मी होतेच. आलेल्या पाहुण्यांनीही कागद चिकटवून बघावेत म्हणून एका टेबलावर पाणी, फडकी, लगदा असं सगळं मांडलं होतं. आजोबा आले. एका हाताने सुनेचा आधार घेतलेला, दुसऱ्या हाताने तोंडाला टॉवेल. त्या रांगेत बिनरंगाचा मुखवटा एकच होता, त्यामुळे शोधावा लागला नाही.

खळबाई पुढे झाली. "आजोबा, ओठ मी सरळ केला. माझी चूक झाली. तिने तुमच्यासारखाच केला होता."

आजोबा मुखवट्याकडे वाकले. मग टॉवेलाआडून अडखळत म्हणाले, "असाच होतो... आधी."

"मी असं नव्हतं केलं!" घुमी ओरडली. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. त्या पोरीचा एवढा मोठा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता.

आजोबांनी सुनेचा हात सोडला. टॉवेल तोंडावरून काढून तिच्याकडे दिला आणि मुखवटा घेऊन टेबलाशी जाऊन खुर्चीत बसले. खळबाईने एक फडकं भिजवून घुमीपुढे धरलं. तिने नकाराची मान हलवली. तेव्हा आजोबांनीच ते घेतलं, मुखवट्याच्या ओठावर ठेवलं आणि दाबून धरलं. लोक जमले होते, पण ते कोणाकडे बघत नव्हते. कागद मऊ झाल्यावर त्यांनी अंगठ्याने ओठाचा कोपरा खाली ओढला आणि नातीकडे पाहिलं.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, खोटं कशाला सांगू.

घुमी त्यांच्यासमोर बसली. एकदा मुखवट्याकडे, एकदा त्यांच्या उघड्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "अजून खाली, आजोबा. अजून थोडं. हं... आता हे तुम्ही."