दाढीचा ब्रश आणि गिलक्याचा वेल

आमच्या शेजारच्या काकांइतकी स्वच्छ बाग सबंध सिडकोत कुणाची नव्हती. इतकी स्वच्छ, की फुलपाखरूसुद्धा तिच्यात वाट चुकूनच येई. काका वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायचे आणि घरी आल्यावर पानं. पानाला भोक दिसलं की "रिजेक्ट!" म्हणून अख्खी कुंडी गेटाबाहेर. शहागंजच्या बाजारात रोप घेताना त्यांचा एकच प्रश्न असे, "याला कीड तोंड लावत नाही ना?" या परीक्षेत क्रोटन, पाम असली परदेशी शोभेची झाडंच पास होत. "बघ, एक अळी नाही," ते मला कुंपणावरून सांगत. मी मान हलवत असे.

अडचण फक्त काकूंच्या गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलाची होती. माहेरी, पाचोडला त्यांच्या आईनं जाण्याआधी हातात ठेवलेलं ते शेवटचं बी. वेल मांडवभर पसरला, पिवळ्या फुलांनी भरला, पण मधमाशी फिरकेना. मादीफुलांमागची इवली गिलकी सुकून गळत. "एक तरी बियाला राहू द्या," काकू म्हणाल्या. काकांनी उपाय काढला. रोज सकाळी दाढी झाली की त्याच ब्रशानं या फुलाचा पराग त्या फुलाला, साबणासकट.

"अहो, फुलाचं लगीन लावताय का दाढी करताय?" काकू ओट्यावरून विचारत. मला परागीभवनाचा धडा इंग्रजीतून तोंडपाठ होता. मी पुस्तकाचं पान उलटत असे.

मोरीमागं तरवडाचं एक झुडूप आपोआप उगवलं होतं. "ते जंगली आधी उपट," काका रोज सांगत. "उद्या उपटते," काकू रोज म्हणत. असं करता करता ते फुलावर आलं.

त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर अधूनमधून बंद असे. अशाच एका बंदला कंपनीची बस निघाली नाही आणि रात्रपाळीचे काका वाळूजलाच अडकले. मलाही शाळा नव्हती. मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसले होते. तरवडावरून एक काळा, जाडजूड भुंगा गुणगुणत आला, वेलाच्या नरफुलात लोळला आणि पिवळा होऊन शेजारच्या मादीफुलात शिरला. काकू हातातली परात धरून तशाच उभ्या. "हालू नको गं पोरी," त्या कुजबुजल्या.

आठवड्यानं त्या फुलामागचं गिलकं बोटाएवढं झालं.

"बघ, ब्रश लागू पडला!" काका म्हणाले.

"व्हय. बंदच्या दिवशी ब्रश वाळूजहून चालत आलता."

काकांनी तरवडाचं नाव पुन्हा काढलं नाही.

काकू गेल्यावर त्या गिलक्याचं बी काका दरवर्षी लावत राहिले. परवा सुट्टीत मी घरी गेले तेव्हा काका ब्रश घेऊन मांडवाखाली उभे होते. भुंगा फुलात होता.

"काका, आता ब्रश कशाला?" मी, कधी नव्हे ते, विचारलं.

"सवय."

त्यांच्या खांद्याशी एक पान अळीनं कुरतडलेलं होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, आणि राहू दिलं.