कुसुमताईंनी हलकी केलेली साळूबाई

कुसुमताईंची आणि माझी ओळख साध्या नमस्कारानेही सुरू झाली नाही. नेवासे तालुक्यातल्या एका शाळेत मी नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा चित्रकलेच्या या बाई कोपरापर्यंत कागदाच्या लगद्यात बुडालेल्या होत्या. मी हात जोडायला गेले, तर म्हणाल्या, "जोडता कसले? धरा हे घमेलं!" आज त्यांची पंचाहत्तरी आली, तरी मी काही ना काही धरूनच उभी आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

सुट्टीच्या दिवशी ताई आम्हा शिक्षकांना घेऊन काठीच्या बाहुल्यांचे खेळ करीत. यात आपण पडद्याआड उभं राहायचं, एका हाताने बाहुलीची मुख्य काठी डोक्यावर उंच धरायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या हातांना जोडलेल्या बारीक काड्या हलवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात ताईंनी ठरवलं, की कामावर खडी फोडणाऱ्या बायामाणसांपुढे खेळ करायचा. नायिका साळूबाई, तीही खडी फोडणारीच. तिला चिंध्या गुंडाळायला ताईंनी साफ नकार दिला. "समोर बायका बसणार. त्यांच्यातलीला तुकड्यात उभी करू?" ट्रंकेतून त्यांनी आपल्या आईचं इरकली लुगडं काढलं आणि न कापता, घड्यांवर घड्या घालून साळूबाईला नेसवलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

साळूबाई माझ्याकडे होती. भारी जीव होता माझा तिच्यावर! आणि नेमकी मी एस.टी.तून उतरताना पडले, खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवला, पण हात वर केला की थरथरायचा. हात वर जात नाही म्हणून ताई रोज शाळेआधी माझी वेणी घालायला येत, तेव्हाच संवाद म्हणून घेत आणि चुकला की वेणी ओढत. तालमीत मात्र खेळ निम्म्यावर यायच्या आत साळूबाई खाली खचायची. आता ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागणार हे उघड होतं. मी घरी जाऊन ढसाढसा रडले. ताई म्हणाल्या, "माणूस बदलायचं नाही. बाहुली बदलू."

मग त्या हात धुऊन तिच्या मागे लागल्या. लगद्याचं भरीव डोकं टाकून दिलं. मातीच्या डोक्यावर कागदाचे पापुद्रे चिकटवले आणि वाळल्यावर आतली माती काढून घेतली. भरीव बांबूच्या जागी पोकळ वेळू आला, हातांना मोडक्या छत्रीच्या काड्या आल्या. आमचे सहकारी दत्तू गुरुजी वैतागले, "ताई, आता काय हिचा जीव काढता व्हय?" तरी माझा हात थरथरतच होता.

एकदा साळूबाईच्या खांद्याची कामटी बदलायला ताईंनी लुगडं सोडलं आणि मी तिला सहज उचलली. अगं बाई! नुसतं फूल. मी गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. म्हणजे सगळं वजन लुगड्याचंच आहे, हे त्यांनाही कळलं होतं. पण बोलणार कोण? मी बाहुली खाली ठेवली.

ताईंनी आमची तोंडं पाहिली आणि कात्री घेतली.

"ताई, नको. मी सोडते खेळ," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

"गप बस, शैला. आईनं जन्मभर कुणावर भार टाकला नाही. आता तुझ्या खांद्यावर टाकायचा?" डोळे पुसत पुसतच त्यांनी लुगडं कापलं. काठ, पदर आणि वरून दिसतील तेवढ्याच निऱ्या ठेवल्या. आतून मलमल लावली.

घोडेगावच्या बाजूला एका कामावर पहिला खेळ झाला. साळूबाई शेवटपर्यंत ताठ उभी राहिली. खेळानंतर एक म्हातारी पडद्यामागे आली. खडीनं फुटलेली बोटं काठावरून फिरवत म्हणाली, "लई झ्याक हाय गं बाई. पुरं नेसवलंय नव्हं?"

मी घाबरून ताईंकडे पाहिलं.

"पुरं आहे, आजी," ताई म्हणाल्या.

ताईंच्या हाताखाली किती जण तयार झाले, ते या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मला एवढंच सांगायचं आहे, की खांदा निखळला तेव्हा मला घरी बसवणं सगळ्यांत सोपं होतं आणि ताईंच्या ते मनातही आलं नाही. हे ऋण मला फेडायचंही नाही.

हल्ली ताईंचे गुडघे कुरकुरतात. पण पायऱ्या उतरताना कुणी हात पुढे केला, की त्या झटकून टाकतात. ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, तुमचा ओरडा आम्हाला असाच मिळत राहो. फक्त पायऱ्या उतरताना माझा खांदा धरत जा. तो तुम्हीच कामाचा ठेवलात.