साबण, फिनाइल, बस आणि यादम्मा

दुसऱ्यांची घरं साफ करायला लागलं की किस्से आपोआप जमतात. पलंगाखालचा कचरा निदान सुपलीत मावतो, हे मावत नाहीत.

बी.एस्सी. झाल्यावर मी हप्त्यांवर व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि घरं साफ करून द्यायचा धंदा काढला. तेव्हा जो तो घरात मार्बल, गालिचे, रंगीत टीव्ही आणत होता. पुसणार कोण, याचा विचार कुणीच केला नव्हता! मी वहीत खर्चाचे तीन रकाने आखले: साबण, फिनाइल, बस.

बाबांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मशीननं स्वतःचे हप्ते फेडले तर ठीक. नाहीतर बँकेची परीक्षा." परीक्षेच्या फॉर्मवर माझा फोटोसुद्धा त्यांनीच चिकटवून ठेवला होता. आपण हरणार याची मोठ्यांना एवढी खात्री कुठून येते, कोण जाणे!

माझ्याबरोबर होती यादम्मा. पन्नाशीची, वीस वर्षं लोकांच्या घरी काम केलेली. तिला मी खर्चाची वही वाचून दाखवली. ती म्हणाली, "इतनाच?"

* * *

पहिला धडा गौलीगुड्याच्या बसमध्ये मिळाला. कंडक्टरनं मशीनचं वेगळं तिकीट मागितलं. मी कायदा सांगत बसले. यादम्मानं मुकाट्यानं तिकीट घेतलं आणि मशीन उचलून खिडकीजवळच्या सीटवर बसवलं.

पुढच्या स्टॉपवर एक गृहस्थ चढले आणि मशीनकडे बघत उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, उसको नीचे रखो."

यादम्मा म्हणाली, "टिकट लिया उसका."

आबिड्सपर्यंत मशीन बसून गेलं. आम्ही दोघी उभ्या!

* * *

एका रिटायर्ड काकांकडे आमचं दर महिन्याचं काम होतं. काका पांढरा रुमाल घेऊन आमच्या मागे फिरायचे. जिथे आम्ही पुसलं तिथे ते रुमाल फिरवायचे, बघायचे आणि निजामाच्या काळात नोकर कसे होते ते सांगायचे. माझं डोकं तापायचं. एकदा उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात यादम्मानं मला डोळ्यानं गप्प केलं.

मग तिनं काकांना एक ओला फडका दिला. "साब, रुमाल खराब हो जाता. ये पकडो."

काकांनी बोलता बोलता एक खिडकी पुसली. मग दुसरी. बारा वाजेपर्यंत पुढच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या झाल्या, आणि निजामाचा काळही संपला. मी थक्क होऊन बघत राहिले.

पुढच्या महिन्यात काकूंचा फोन आला. "आता तुम्ही येऊ नका. हे स्वतःच करतात."

हा खर्च वहीत कुठे लिहायचा?

* * *

नवी फरशी दिसली की यादम्मा जेवणाच्या डब्यातलं लिंबू काढायची, दारामागे एक थेंब पिळायची आणि खाली वाकून बघत राहायची. मला वाटायचं, काहीतरी नजरबिजर काढते.

एका नव्या बंगल्यात ती यायच्या आधीच मी हौसेनं कामाला लागले. हॉलमधल्या कोपऱ्यात सिमेंटचे डाग होते, त्यावर ॲसिड ओतलं. फरशी फसफसली. तळहाताएवढी चमक गेली. मार्बल! फर्स्ट इयरला मी हेच समीकरण लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. यादम्मा ते लिंबाच्या थेंबात वाचत होती.

मी कुंडी सरकवून डाग झाकला. यादम्मा आली, तिनं वास घेतला, कुंडी हलवली आणि सरळ मालकीणबाईंना हाक मारली.

मी कुजबुजले, "कायकू?"

"आज छुपाए तो कल से घर का हर दाग अपनाच."

बाई वीस मिनिटं बोलल्या. पॉलिशवाला आम्ही आणला, आणि त्यात मशीनचे दोन हप्ते थकले. बाबांनी फॉर्म देवघरात आणून ठेवला.

पण नवरात्राच्या आधी त्याच बाईंचा फोन आला. त्यांना गावाला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "किल्ली यादम्माकडे देते. आणि माझ्या दोन्ही बहिणींकडेही जा."

* * *

त्या कामांतून एक हप्ता फिटला. एक राहिलाच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी यादम्मा आमचंच घर साफ करायला आली. बाबा पेपर वाचत होते. दुकानातल्या नोकरांपासून आजीपर्यंत त्यांच्यापुढे कुणी हूं की चूं करत नाही. यादम्मा फडकं घेऊन समोर बसली. "सेठ, पाँव उठाओ."

बाबांनी पाय उचलले. ती गॅलरीत गेली तरी ते तसेच, पेपर धरून, पाय अधांतरी!

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा. बाबांनी दुकानातला कापड मोजायचा गज आणि कात्री पाटावर मांडली. मी हट्टानं मशीन आणून शेजारी ठेवलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "किती राहिले?"

"एक."

त्यांनी देवघरातून फॉर्म काढला. फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

बाबांनी फॉर्म जमिनीवर पसरला, हातानं सरळ केला आणि त्यावर मशीन ठेवलं.

आई म्हणाली, "अहो, फॉर्म आहे तो!"

"फरशीवर हळदीचा डाग पडला," बाबा म्हणाले, "तर यादम्मा मलाच पुसायला लावेल." आणि त्यांनी मशीनला हळद-कुंकू लावलं.